हाताला न पोचणारा प्लग : जुन्या ट्रॅव्हलरचे हीटर प्लग बदलताना

आजचं बोलणं एका लहान वस्तूबद्दल आहे. ही बघा, बोटाएवढी लांब. एका टोकाला वायर जोडायला नट, मध्ये आटे आणि दुसऱ्या टोकाला बारीक पेन्सिलीसारखी दांडी. पुस्तकात हिचं नाव ग्लो प्लग. आपल्याकडे गॅरेजमध्ये तिला हीटर प्लग म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. आमच्या गाडीत असे चार आहेत. ते बदलायला आम्हा दोघा भावांना दीड दिवस लागला. पण त्याआधी ते न बदलण्यात आम्ही दोन हिवाळे घालवले होते. दीड दिवसाचं काम कसं करायचं ते आज सांगणारच आहोत, पण दोन हिवाळे कसे गेले तेही सांगायला हवं.

गाडी आहे १९९८ सालची बजाज टेम्पो ट्रॅव्हलर, एमएच ३२ पासिंग, म्हणजे आपल्या वर्ध्याचीच. वडिलांनी ती जुनी घेतली होती. मागच्या सीटा काढून त्यांनी सागवानी खाट बसवली, खालती सामानाचे कप्पे केले, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि शेगडी. आरसी बुकावर तशी नोंदही करून घेतली, कारण मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. त्या गाडीतून आम्ही बोर धरणावर मुक्काम केले, चिखलदऱ्याला गेलो, पंढरपूरही केलं. 'कॅम्पर व्हॅन' हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता. आम्ही तिला 'खाटेची गाडी' म्हणायचो.

पुढे वडिलांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. आमचं गाव आर्वी तालुक्यात, दवाखाना वर्ध्याला. डायलिसिसनंतर त्यांना बसवत नाही, पाय आखडतात, चक्कर येते. सहलीसाठी केलेली खाट मग त्याच कामाला आली. सकाळी सातचा नंबर, म्हणजे घरून साडेपाचला निघायचं. आणि ज्या गाडीला साडेपाचला निघायचंय ती साडेपाचला सुरू व्हायला पाहिजे. आजच्या विषयाचं महत्त्व आमच्यासाठी एवढ्या एका वाक्यात आहे.

आता ही वस्तू करते काय, ते पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. डिझेलमध्ये हवा इतकी दाबतात की ती आपोआप तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं नळकांडं गरम लागतं, तोच हा प्रकार, फक्त कितीतरी पटीने जास्त. आमच्या इंजिनात हवा २१ पट दाबली जाते. कागदावर हिशेब केला तर १० अंशांची थंड हवा एवढी दाबल्यावर ६५० अंशांच्या वर जायला हवी. डिझेल तर त्याहून फार कमी तापमानाला आपोआप पेटतं. मग अडतं कुठे?

अडतं ते थंड लोखंडाशी. सेल्फ मारल्यावर इंजिन फार हळू फिरतं. दाबलेली हवा तापते खरी, पण तिची उष्णता आजूबाजूचं गार लोखंड पिऊन टाकतं. थोडी हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते. जुन्या इंजिनात रिंगा झिजलेल्या असतात, त्यामुळे जास्तच निसटते. त्यात आमचं इंजिन प्री-चेंबरचं आहे. म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही. ते आधी हेडमधल्या एका छोट्या खोलीत जातं, तिथे पेटतं, आणि तिथून जाळ बारीक भोकांतून खाली येतो. ही कल्पना जर्मनीतल्या बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या इंजिनिअरची, १९०९ सालची. या रचनेमुळे इंजिन सौम्य चालतं, फार ठोकत नाही, कमी प्रतीचं डिझेलही पचवतं. पण छोट्या खोलीला भिंती जास्त, आणि भिंती जास्त म्हणजे उष्णता खाणारं लोखंडही जास्त. म्हणून प्री-चेंबरचं इंजिन थंडीत सुरुवातीला अडून बसतं.

पूर्वी गावात काडेपेटी नेहमी हाताशी नसायची, तेव्हा शेजारच्या चुलीतून विस्तव आणायचे. हीटर प्लग हा तो विस्तव. त्याची दांडी त्या छोट्या खोलीत डोकावते. चावी फिरवली की बॅटरीचा करंट तिच्यात जातो आणि काही सेकंदांत तिचं टोक लालभडक होतं, आठशे-नऊशे अंशांपर्यंत. डिझेलचा फवारा त्या टोकाजवळून गेला की पेटतो. एकदा इंजिनने दम धरला की विस्तवाची गरज संपते.

आता या इंजिनाचं कूळ सांगतो, म्हणजे प्लग कुठे बसलाय हे समजेल. आमची ट्रॅव्हलर मुळात मर्सिडीजच्या टी-१ या व्हॅनवर बेतलेली आहे. ती व्हॅन जर्मनीत १९७७ पासून बनत होती आणि आपल्याकडे बजाज टेम्पोने १९८७ पासून ट्रॅव्हलर म्हणून काढली. इंजिनही मर्सिडीजच्याच परवान्याचं, ओएम ६१६. चार सिलिंडर, २.४ लिटर. जगभर टॅक्सी म्हणून धावलेल्या २४० डी गाडीत हेच इंजिन होतं, आणि ते टिकाऊपणासाठीच ओळखलं जातं. बजाज टेम्पोचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं.

या व्हॅनचं नाक आखूड आहे. त्यामुळे इंजिन अर्धं पुढच्या बॉनेटखाली आणि अर्धं ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधल्या झाकणाखाली येतं. उजव्या अंगाला, म्हणजे आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला, सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड. डाव्या अंगाला डिझेल पंप आणि त्यातून चार नोझलांना गेलेले चार जाड पाइप. हीटर प्लग डाव्या बाजूलाच आहेत, नोझलच्या खाली, त्या पाइपांच्या जाळ्यामागे. पहिला पुढून दिसतो. दुसरा मान वाकडी केली की दिसतो. तिसरा झाकण काढल्यावर आतून चाचपावा लागतो. चौथा दिसतच नाही, त्याला बोटाचं टोक तेवढं लागतं. आम्ही मोबाईल कॅमेरा चालू करून आत घातला, तेव्हा पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं.

हे चारही प्लग आमच्या गाडीत समांतर जोडलेले आहेत. म्हणजे एक गेला तरी बाकीचे तीन चालतात. ऐकायला हे चांगलंच वाटतं, आणि आहेही. पण आमचे दोन हिवाळे याच चांगल्या गोष्टीने खाल्ले.

ते असं झालं. पहिला प्लग मेला तेव्हा गाडी एकाऐवजी दोन सेल्फला सुरू होऊ लागली. आम्ही म्हटलं, थंडी आहे. दुसरा मेला तेव्हा पहिलं मिनिटभर इंजिन थरथरायला लागलं आणि मागून पांढरा धूर. आम्ही म्हटलं, गाडी जुनी झाली. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा तर रोज पेटत होता आणि विझत होता. आम्हाला वाटायचं, दिवा लागतोय म्हणजे हीटर चालू आहे. तो दिवा फक्त रिलेला करंट मिळाल्याचं सांगतो. प्लग तापला की नाही, हे त्याला कळत नाही.

एका मेकॅनिकला दाखवलं. त्याने झाकण उचललं, आत पाहिलं आणि झाकण परत ठेवलं. म्हणाला, "हे कायले खोलता भाऊ? स्प्रे मारा, सुरू होते." त्याला दोष देत नाही. चार प्लगसाठी चार पाइप खोलायचे, एखादा प्लग तुटला तर हेड उतरवायचं, आणि गिऱ्हाईक मजुरी देताना म्हणणार की एवढाच तर पार्ट होता! कोण हात घालेल? आम्हीही स्प्रेची बाटली आणली आणि हवेच्या फिल्टरजवळ मारू लागलो. गाडी सुरू व्हायची, पण ठणकन आवाज करून.

तो स्प्रे म्हणजे ईथर. हे कृपया लक्षात घ्या, कारण जिल्ह्यात कितीतरी जीपा आणि ट्रॅक्टर याच्यावर सुरू होतात. ईथर अगदी थोड्या उष्णतेला पेटतो. पिस्टन वर पोचायच्या आधीच तो भडकला तर धक्का उलटा बसतो आणि रिंगा, पिस्टन यांना इजा होते. आणि हीटर प्लग असलेल्या गाडीत, एखादा जरी प्लग लाल असेल आणि वरून ईथर गेला, तर स्फोट इनटेकमध्येच होऊ शकतो. हीटर प्लगच्या इंजिनाला ईथर मारायचा नाही. याला अपवाद नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका पहाटे, स्प्रेनेही गाडी सुरू झाली नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. वडील खाटेवर झोपलेले, अंगावर दोन गोधड्या. शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही त्यांना बसवून नेलं, पोचायला साडेआठ झाले. मशीन तोवर दुसऱ्या पेशंटला लागलं होतं, आणि ते बरोबरच होतं. दुपारपर्यंत ते बाकावर बसून राहिले. पायावर सूज. संध्याकाळी घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "गाडीचं दुखणं तुमाले माहीत होतं नं?"

माहीत होतं. त्याच शनिवारी आम्ही गाडी खोलायला घेतली.

आता काम. ज्यांच्या दारात अशी जुनी डिझेल व्हॅन, ट्रॅक्स किंवा मॅटाडोर आहे, त्यांनी इथून लिहून घ्या.

आधी खात्री करा की दोष प्लगचाच आहे. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. चावी हीटरवर ठेवून प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज मोजा. ११ च्या आसपास मिळालं तर वायर आणि रिले ठीक आहेत. काहीच आलं नाही तर प्लग बदलून उपयोग नाही, दोष मागे आहे. मग चावी बंद करून प्लगची वायर सोडवा आणि मल्टिमीटरने प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यामधला रोध मोजा. चांगला थंड प्लग साधारण एक ओहमच्या आत दाखवतो. मेलेला प्लग अनंत दाखवतो. आमच्या चारपैकी तीन मेले होते. म्हणजे इतके दिवस एका विस्तवावर चार चुली पेटवायला बसलो होतो.

यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एकेका प्लगला दहा-पंधरा अँपिअर लागतात, चारांना मिळून पन्नासच्या आसपास. तिथे पाना घसरून बॉडीला लागला तर काय होईल ते सांगायला नको.

आता वाट मोकळी करायची. आमच्या दीड दिवसातला एक दिवस याच्यातच गेला. मधलं झाकण, पुढचं बॉनेट, हवेची नळी बाजूला. मग नोझलचे पाइप. पण पाइपाचा नट सैल करायच्या आधी तो सगळा भाग ब्रशने आणि हवेने स्वच्छ करा. आपल्याकडची धूळ, त्यात कापसाच्या गाड्यांचा तंतू, सगळं तिथे तेलात बसलेलं असतं. डिझेल पंपाच्या आतले भाग मायक्रॉनच्या मापाने बसवलेले असतात. एक कण आत गेला तर प्लगच्या कित्येक पट खर्च. पाइप काढल्याबरोबर पंपाच्या आणि नोझलच्या तोंडावर स्वच्छ टोपणं लावा. पाइपांना एक, दोन, तीन, चार अशा चिठ्ठ्या बांधा.

प्लगच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच टाकून ठेवा, आणि सकाळी जमलं तर एखाद्या शेजाऱ्याचा धक्का घेऊन इंजिन थोडं चालवून गरम करा. गरम हेडमधून प्लग सुटायला मदत होते.

मग आमच्या गाडीत लागते ती १२ ची लांब गोटी. आणि इथे जोर किती लावायचा, हा सगळ्यात मोठा प्रश्न. १२ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण ४५ न्यूटन-मीटरच्या पुढे पिळलं तर तो तुटू शकतो. हा आकडा हाताच्या भाषेत सांगतो. १५ सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला ३० किलोचा जोर म्हणजे ४५ न्यूटन-मीटर. दांडी ३० सेंटिमीटरची घेतली तर १५ किलोतच काम तमाम. म्हणून लांब टॉमी घ्यायचीच नाही. आखूड रॅचेट घ्या. थोडा सुटला की परत थोडा आवळा, पुन्हा तेल, पुन्हा सोडवा. घट्ट ओल्या बरणीचं झाकण सोडवतो तसं. प्लग तुटला तर दांडी आत राहते आणि मग नोझल, प्री-चेंबर, कदाचित हेडच उतरवावं लागतं.

पहिले तीन प्लग दुपारपर्यंत निघाले. चौथा हललाच नाही. धाकटा म्हणाला, एकदा जोर लावून बघू. वडील अंगणात खुर्चीवर बसून पाहत होते. ते म्हणाले, "आज नाही निघत तर उद्या निघंल. उद्या सुट्टी आहे." आम्ही तेल टाकलं आणि हात धुतले. रविवारी सकाळी तो प्लग आम्ही पाऊण तास पुढे-मागे करून काढला. बाहेर आला तेव्हा दांडीभोवती काजळीचा दगड झाला होता. शनिवारी जोर लावला असता तर आज तुम्हाला हेड उतरवण्यावर व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

जुने प्लग फेकू नका, त्यांची टोकं बघा. नुसते काळे असतील तर वयाने गेले. टोक वितळलेलं किंवा फुगलेलं असेल तर त्या सिलिंडरचा नोझल नीट फवारत नाही. तो तपासल्याशिवाय नवा प्लग टाकला तर तोही जाईल.

भोकात साचलेली काजळी काढायला रीमर मिळतो. त्याला ग्रीस लावून हाताने हळू फिरवायचा, काजळी ग्रीसला चिकटून येते. मग पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून धरून, बॅटरी तेवढ्यापुरती जोडून, इंजिनला दोन-तीन वेढे द्यायचे. उरलेली काजळी भोकांतून उडून जाते. त्या वेळी तोंड तिथे नको.

नवे प्लग चारही एकदम टाका. तीन मेले म्हणजे चौथ्याचंही वय झालेलंच आहे, आणि पुन्हा एवढा घाट कोण घालणार? आट्यांना किंचित ग्रीस, दांडीला अजिबात नाही. आधी बोटांनीच फिरवत पूर्ण बसवा, म्हणजे आटे तिरके जाणार नाहीत. शेवटी आवळायला २० न्यूटन-मीटर पुरे. वायरच्या नटाला तर बोटाएवढाच जोर.

वाट मोकळी आहे तोवर वाटेतलं सगळं करून घ्या. नोझलांना जोडणाऱ्या रबरी रिटर्न नळ्या आमच्या तडकलेल्या होत्या, त्या बदलल्या. डिझेल फिल्टर बदलला. प्लगच्या पट्टीवर हिरवट गंज होता, तो घासला. एवढ्याचा खर्च नगण्य, पण पुन्हा तिथे पोचायचा खर्च एक दिवस.

पाइप बसवल्यावर हवा काढायची. नोझलकडचे नट थोडे सैल ठेवून सेल्फ मारा. दहा सेकंद मारा, मग थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. डिझेल पाझरू लागलं की नट आवळा. फवारा कुठे येतोय ते हाताने चाचपू नका. नोझल उघडण्याचा दाब शंभर बारच्या वर असतो. तेवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. तशी जखम दिसायला टाचणीएवढी असते आणि तिच्यापायी बोट जाऊ शकतं. असं कुणाला झालं तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना.

रविवारी दुपारी आम्ही चावी फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबलो आणि सेल्फ मारला. दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं. पण दुपारच्या उन्हात लागलं म्हणून खूश झालो नाही. खरी परीक्षा मंगळवारी पहाटे होती. साडेपाचला, दहा-अकरा अंशांत, पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. धूर नाही, थरथर नाही.

तर मंडळी, हाताला न पोचणारा पार्ट अवघड असतो हे खरं. पण आम्हाला महाग पडला तो त्याला दिलेला वळसा. स्प्रे हा वळसा, मोठी बॅटरी हा वळसा, रात्री उतारावर गाडी लावणं हा वळसा. प्रत्येक वळसा त्या दिवसापुरता चालतो आणि दुसरं काहीतरी झिजवतो. आमच्याकडे सेल्फ झिजला, बॅटरी गेली, रिंगांचं काय झालंय ते अजून कळायचंय. आणि एक दिवस एक माणूस दुपारपर्यंत बाकावर बसून राहिला.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. मग हीटर लागतो का?

दुपारी तापलेल्या इंजिनाला लागत नाही. पण रात्रभर थंड झालेल्या प्री-चेंबरच्या इंजिनाला पंचवीस अंशांतही काही सेकंद हीटर दिलेला बरा. सेल्फ आणि बॅटरी दोन्ही वाचतात. शिवाय मेलेला प्लग उन्हाळ्यात लपून राहतो, म्हणून तपासणी दिवाळीच्या आसपास करा.

प्रश्न : नव्या डिझेल गाड्यांनाही हेच लागू आहे का?

तत्त्व तेच, पण हात वेगळा. नव्या कॉमन रेल इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे ती आपल्या थंडीत प्लगवाचूनही बहुधा सुरू होतात. त्यांचे प्लग मात्र बारीक असतात आणि फार कमी जोरात तुटतात. आणि त्यांच्या पाइपांतला दाब हजार बारच्या वर जातो. त्यांना अंगणात हात लावू नका.

प्रश्न : वडील आता कसे आहेत?

बरे आहेत. मंगळवार-शुक्रवार चालूच आहे. आज तेच आमच्याबरोबर आले आहेत, बाहेर गाडीत खाटेवर पडले आहेत. चहाला जाताना ज्यांना चौथा प्लग कुठे बसतो ते पाहायचंय त्यांनी गाडीकडे या. झाकण काढूनच ठेवलं आहे. फक्त इंजिन अजून गरम आहे, हात जपून घाला.